दोघांनी मिळून शिकायचा नाच

आमच्या तानसा भागात नवरा-बायको रस्त्यानं निघाले की एका ओळीत चालतात. नवरा पुढं, बायको चार पावलं मागं. पोर लहान असेल तर तिच्या कडेवर, जरा मोठं झालं की दोघांच्या मध्ये. तलावाभोवतीच्या रानातल्या पायवाटा अरुंद, तिथं ओळीनंच चालावं लागतं हे खरं. पण डांबरी रस्त्यावर, शहापूरच्या बाजारात, आटगाव स्टेशनच्या फलाटावरही ही ओळ मोडत नाही. कुणबी असोत, ठाकर असोत की आम्ही मुसलमान, याबाबतीत सगळ्यांचं एकमत आहे. पुढच्यानं मागं वळून बघायचं नाही आणि मागचीनं हाक मारायची नाही. तरी दोघं बरोबर मुक्कामाला पोचतात!

तीस वर्षं असं चाललेलं एखादं जोडपं एका खोलीत समोरासमोर उभं राहिलं, एकमेकांचा हात हातात घेऊन ठेक्यावर पावलं टाकायला लागलं, तर काय होतं? त्याबद्दल आज बोलायचं आहे. हे बोलणं ऐकीव नाही. मी आणि माझी पत्नी, दोघंही पन्नाशी ओलांडलेले, एका हिवाळ्यात दर रविवारी कल्याणला जोडीचा नाच शिकायला जात होतो.

कल्पना तिची. धाकटी मुलगी लग्न होऊन सासरी गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो. दोन माणसांच्या घरात बोलणं किती कमी लागतं, हे तेव्हा कळलं. गॅस संपत आलाय, विजेचं बिल आलंय, कुकरची शिट्टी झाली का. एकदा वर्तमानपत्रातून क्लासची जाहिरात पडली. ती वाचून पत्नी म्हणाली, "तुमच्या कविसंमेलनांना मी आयुष्यभर आले. पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. आता तुम्ही माझ्याबरोबर एका ठिकाणी चला." याला उत्तर नव्हतं.

वर्गात आठ जोडपी होती. त्यातली पाच लग्न ठरलेली. हल्ली लग्नाच्या आदल्या दिवशी 'संगीत' असतं, त्यात नवरा-नवरीनं नाचायचं असतं, त्यासाठी त्यांची धडपड. त्यांना एकच गाणं बसवून हवं होतं, तीन-चार मिनिटांचं. शिकवणारेही पती-पत्नीच, दोघं तिशीतले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की गाणं बसवणं वेगळं आणि नाच शिकणं वेगळं. बसवलेल्या गाण्यात पुढचं पाऊल दोघांना आधीच पाठ असतं. जोडीच्या नाचात ते कुणालाच पाठ नसतं. एकानं ठरवायचं, दुसऱ्याला स्पर्शातून कळवायचं, दुसऱ्यानं ते ओळखून पाऊल टाकायचं, आणि हे सगळं पुढची मात्रा यायच्या आत.

सुरुवात वॉल्ट्झनं झाली. हा तीन मात्रांचा नाच, पहिल्या मात्रेवर जोर. आपल्या कानाला सांगायचं तर दादऱ्याच्या सहा मात्रांचे दोन सारखे भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे वॉल्ट्झची एक फेक. संथ वॉल्ट्झमध्ये मिनिटाला नव्वदेक मात्रा पडतात. जमिनीवर एक चौकोन आहे असं समजायचं. पुरुषानं डावा पाय पुढं टाकायचा, उजवा बाजूला न्यायचा, डावा त्याला जुळवायचा. मग उजवा मागं, डावा बाजूला, उजवा जुळवायचा. चौकोन पुरा झाला. बाईनं हेच आरशातल्यासारखं उलट करायचं. त्याचा डावा पुढं येतो तेव्हा तिचा उजवा मागं जातो. पुरुषाच्या डाव्या हातात तिचा उजवा हात, त्याचा उजवा हात तिच्या पाठीवर, खांद्याच्या फऱ्यापाशी, आणि तिचा डावा हात त्याच्या दंडावर. कागदावर हे दहा मिनिटांत समजतं. पायाला समजायला आम्हाला तीन रविवार लागले.

नंतर साल्सा. स्पॅनिशमध्ये साल्सा म्हणजे चटणीसारखं तोंडीलावणं. क्यूबातले जुने ठेके आणि न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिकन वस्त्यांतलं संगीत यांची सरमिसळ होऊन 1960-70 च्या दशकांत हे नाव रूढ झालं. यात आठ मात्रा, म्हणजे केरव्याइतक्या. पावलं पडतात एक-दोन-तीन आणि पाच-सहा-सात यांवर. चौथ्या आणि आठव्या मात्रेवर नवं पाऊल नाही. मी वृत्तात लिहिणारा माणूस, त्यामुळे मला ही रिकामी मात्रा लगेच ओळखीची वाटली. ओळीतली यतीच ती. तिथं थांबला नाहीत तर पुढचे शब्द एकमेकांवर आदळतात. इथं गुडघे आदळतात.

पण पावलं हा या विद्येचा सोपा भाग. अवघड आहे तो निरोप. नेणारा हातानं ढकलत नाही किंवा ओढत नाही. आधी त्याच्या शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर जातो, छाती किंचित पुढं येते, आणि ते हलणं हातांच्या चौकटीतून जोडीदारापर्यंत पोचतं. हात म्हणजे पोस्टमन. त्यानं पत्र पोचवायचं, लिहायचं नाही. हात सैल सोडले तर निरोप वाटेतच गळतो. ताठ धरले तर समोरच्याला सगळे निरोप सारखेच ऐकू येतात.

आता यात लग्नाला तीस वर्षं झालेल्या जोडप्याचं काय होतं ते सांगतो. लग्न ठरलेली ती पोरं एकमेकांच्या पायावर पाय देत होती, पण त्यांची अडचण साधी होती, त्यांना पावलं येत नव्हती. आमच्याबाबतीत शिकवणारी बाई वारंवार एकच म्हणायची, "काकू, थांबा. अंदाज करू नका." मी हलायच्या आधीच पत्नीचं पाऊल पडलेलं असायचं. बहुतेक वेळा ते बरोबरही असायचं! पण जिथं माझा विचार डावीकडे वळायचा असायचा, तिथं ती सरळ मागं गेलेली.

मला त्यात नवल वाटलं नाही. आपल्याकडच्या बाईचं सगळं शिक्षणच अंदाजाचं आहे. नवऱ्यानं घड्याळाकडे बघितलं की डबा भरायचा, खिसा चाचपला की चष्मा आणून द्यायचा, घसा खाकरला की पाणी. आणि आपल्या पुरुषांना पुरतं वाक्य बोलायची गरजच राहत नाही. "ते जरा..." एवढं म्हणून तो गप्प होतो, आणि 'ते' त्याच्या हातात येतं. एकाचं अर्धं बोलणं आणि दुसरीचं न ऐकताच समजणं यावर आपले संसार बिनबोभाट चालतात. जोडीच्या नाचात हे एका मिनिटात उघडं पडतं. तिथं पुरुषाला आपला निरोप शेवटपर्यंत, स्पष्ट आणि वेळेवर द्यावा लागतो. अर्धा दिला तर बाई एका पायावर लोंबकळत राहते. आणि बाईला थांबावं लागतं. हे थांबणं म्हणजे आज्ञा पाळणं नाही. "सांगा, मी ऐकतेय, पण तुमच्या वतीनं मी ठरवणार नाही" असं ते म्हणणं आहे. पत्नीला हे थांबणं माझ्या नेण्यापेक्षा जास्त जड गेलं.

चौथ्या रविवारी भूमिका बदलल्या. बाईनं न्यायचं, पुरुषानं मागं चालायचं. मागं चालणाऱ्याला वाट दिसत नाही. पाठीमागं भिंत आहे, खुर्ची आहे की दुसरं जोडपं, ते फक्त नेणाऱ्याला दिसतं. मी आखडलो. टाच जमिनीला चिकटून बसली. चार पावलं मागं चालणं तिनं आयुष्यभर केलं होतं, पण तेव्हा निदान तोंड वाटेकडे होतं. हे निराळंच. तिनं मात्र मला अलगद खांबाच्या बाजूनं काढून नेलं. कुणालाही धक्का न लावता. घर चालवणारीला गर्दीतून वाट काढणं शिकवावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट तिला आधीच येत होती. साल्सात एका ठिकाणी दोघं एकमेकांचे हात धरून जरा मागं रेलतात आणि एकमेकांच्या ओढीवर फिरतात. मास्तर त्यामागचं तत्त्व समजावत होते, की दोघांचा भार एकमेकांवर तोललेला हवा, एकानं ढिलं सोडलं की दुसरा पडला. पत्नी पटकन म्हणाली, "म्हणजे फुगडीच की!" खरंच. पायाला पाय भिडवायचे, हातांची कैची घालायची, मागं झुकायचं आणि गरगरायचं. आपलं वजन दुसरीच्या हातात आणि दुसरीचं आपल्या. लहानपणी गौरी-गणपतीत शेजारच्या कुणबी मैत्रिणींबरोबर ती अशा फुगड्या घालायची. कुणी तिला मुसलमानाची म्हणून वेगळं धरलं नव्हतं. जोडीच्या नाचाचं अर्धं शास्त्र महाराष्ट्रातल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या येतंय, पण ते बायकांनी बायकांबरोबर करायचं. नवऱ्याबरोबर फुगडी? छे!

आपल्याकडे नाच कमी आहेत असं कुणी म्हणू नये. ठाकरांच्या वाडीवर ढोल वाजला की पुरुष कांबडनाचाला उभे राहतात. वारल्यांचा तारपा तर जगभर गेला. दुधीभोपळा आणि बांबू यांचं ते वाद्य, वाजवणारा मध्ये आणि भोवती एकमेकांच्या कमरेला हात घातलेल्या बाप्या-बायांची साखळी. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतला तो गोल वळसा आता सगळ्यांना ठाऊक आहे. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण तारप्यात कुणी कुणाचा जोडीदार नसतो, सगळी साखळी एकाच वाजवणाऱ्याच्या मागं चालते. कोळीनाचात बाया आणि गडी समोरासमोर येतात खरे, पण ओळी करून. आणि वरातीत आपण सगळे भगवानदादांचे चेले. 'अलबेला' 1951 साली आला, तेव्हापासून हात जरासे वर करून जागच्या जागी झुलणं हा मराठी माणसाचा अधिकृत नाच आहे. त्याला जोडीदार लागत नाही, आणि म्हणूनच तो इतका टिकला असावा.

स्त्री-पुरुषांनी समोरासमोर धरून नाचणं युरोपलाही फार सहज पचलेलं नाही. तिथले आधीचे दरबारी नाच ओळींचे, बोटांच्या टोकांना बोटं लावण्यापुरते. अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रिया आणि दक्षिण जर्मनीतून वॉल्ट्झ वर आला. 1816 च्या जुलैमध्ये लंडनच्या राजदरबारी मेजवानीत तो नाचला गेला, तर 'टाइम्स'नं त्याच्यावर कडक शब्दांत टीका केली आणि मुलींच्या आईबापांना सावध केलं. आज तोच नाच तिथं सगळ्यांत सोज्वळ समजला जातो. आमच्या खालाला मी हे सांगितलं होतं. तिचं समाधान झालं नाही, ती गोष्ट वेगळी.

गोव्यानं यात एक मधली वाट काढली. एकोणिसाव्या शतकात साष्टीतल्या ख्रिस्ती घरांत मांडो बहरला. कोंकणी शब्द, व्हायोलिन आणि घुमट, लय संथ. बायकांच्या अंगावर पानो-भाजू, हातात पंखा. बाया आणि पुरुष दोन ओळींत समोरासमोर येतात, जवळ येऊन दूर होतात, बाजू बदलतात, पण एकमेकांना धरत नाहीत. जे बोलायचं ते पंखा आणि डोळे बोलतात. आणि अगदी आमच्या शेजारी, वसईत, मराठीच्याच बोली बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजात लग्नाच्या स्वागतसमारंभात नवरा-नवरीनं जोडीनं नाचायची रीत आहे. आधी दोघं नाचतात, मग आईबाप, काका-मावश्या, सगळे जोडीजोडीनं उतरतात. 2014 साली पालघर वेगळा होईपर्यंत वसई आणि शहापूर एकाच ठाणे जिल्ह्यातले तालुके होते. एका जिल्ह्यात मामा-मामी सगळ्यांदेखत कमरेत हात घालून नाचताहेत आणि तिथून काही मैलांवर नवरा-बायको एका बाकावर बसायला लाजताहेत!

लाजण्याला कारणं आहेत, ती नाकारू नयेत. आपल्याकडे 'नाच' या शब्दालाच डाग लागलेला आहे. नाचणारी बाई म्हटलं की लोक फडाचा विचार करतात. 2005 साली राज्यात डान्सबारवर बंदी आली, पुढं कोर्टकज्जे झाले, 2013 साली सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी अवैध ठरवली. पण त्या वर्षांत 'डान्स' हा इंग्रजी शब्दही घराघरात खालच्या आवाजात उच्चारायचा झाला. आमच्या कोकणी मुसलमानांच्या लग्नात बायका आतल्या घरात ढोलकीवर गाणी म्हणतात, पुरुष बाहेर मांडवात बसतात. परक्या स्त्री-पुरुषांनी हातात हात घेणं आम्हाला मंजूर नाही, आणि माझ्या पत्नीलाही नव्हतं. इथं एक खरी अडचण येते. अशा वर्गांत दर काही मिनिटांनी जोड्या बदलतात. त्यामागं कारण आहे. रोजच्या जोडीदाराच्या चुका आपण नकळत सांभाळून घेतो, अनोळखी माणूस तसं करत नाही, त्यामुळे शिकणं लवकर होतं. पत्नीनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मी फक्त यांच्याबरोबर." शिकवणाऱ्यांनी वाद घातला नाही. तिच्याबरोबर बाई नाचल्या आणि माझ्याबरोबर मास्तर. आम्ही इतरांपेक्षा सावकाश शिकलो, पण शिकलो. दोन्ही बाजूंना मान राखता येतो, कुणी हट्टाला पेटलं नाही तर.

खाला म्हणाली होती, "या वयात?" त्यावर पत्नीचं उत्तर, "आधी वेळ कुठं होता?" खालाला पटेल असं एक कारण मात्र वैद्यकशास्त्रानं पुरवलं आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या 75 वर्षांवरच्या 469 माणसांवर तिथल्या डॉक्टरांनी काही वर्षं लक्ष ठेवलं, कोण काय छंद करतं आणि कुणाला स्मृतिभ्रंश होतो ते पाहिलं. हा अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. वाचन, बैठे खेळ आणि वाद्य वाजवणं यांच्याबरोबर शारीरिक हालचालींपैकी एकाच गोष्टीचा संबंध कमी धोक्याशी दिसला, ती म्हणजे नाच. नाचल्यामुळेच धोका टळला असं यातून सिद्ध होत नाही. ज्यांचं डोकं शाबूत तेच नाचायला जात असतील, असंही असू शकतं. तरी शरीर, कान आणि समोरचा माणूस या तिन्हींकडे एकाच वेळी लक्ष ठेवायला लावणारा व्यायाम दुसरा सांगा बरं. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या मंडळींसाठी नर्तक हृषीकेश पवार यांनी नाचाचे वर्ग घेतले आहेत. या मंडळात रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. शुभंकर म्हणजे पुष्कळदा नवरा किंवा बायकोच. पाऊल जमिनीला खिळून राहणाऱ्या माणसाला ठेक्याची आणि आधाराच्या हाताची किती गरज असते, ते मागं चालताना टाच अडकली तेव्हा मला थोडंसं उमगलं.

आता कुणाला जायचं असेल तर चार गोष्टी. जोड्या बदलतात का, हे आधी विचारून घ्या, नंतर अवघडायला नको. रबरी तळव्याचे बूट घालू नका. ते जमिनीला धरून ठेवतात, आणि वळताना पाय तिथंच राहून गुडघा फिरतो. चामडी तळव्याची साधी चप्पल, मागं पट्टा असलेली, चालते. गुडघ्याचं दुखणं असेल तर साल्सा नंतर, आधी वॉल्ट्झ. वर्गात आठवड्यातून एकदा तासभर नाचण्यापेक्षा घरी रोज पंधरा मिनिटं जास्त उपयोगी पडतात. त्यासाठी आठ बाय आठची मोकळी जागा पुरते. टेबल भिंतीला सरकवायचं, सतरंजी गुंडाळायची. आणि एकमेकांना सुधारायला जाऊ नका, ते शिकवणाऱ्याचं काम आहे. आमच्या वर्गातली एक जोडी याच भांडणापायी तिसऱ्या रविवारी यायची थांबली.

गाणी वेगळी शोधायची गरज नाही. दादऱ्यातली जुनी हिंदी गाणी वॉल्ट्झला बरोबर बसतात, दोन फेकींत एक आवर्तन पुरं होतं. रात्री जेवणं झाल्यावर रेडिओवर त्यातली दोन-तीन तरी लागतात.